घंटेनंतरची शाळा

सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ते रजिस्टर तिने जपून ठेवले आहे. वर्गातले ते दिवस कसे गेले, हे त्या मुलाने मोठेपणी स्वतःच लिहून ठेवले. बसायला वेगळा कोपरा आणि घरून आणलेले गोणपाट. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई जागेवर नसेल त्या दिवशी कोरड्या घशाने घर गाठायचे.

याच साताऱ्यात मधल्या सुट्टीत त्या मुलाला आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी देणारे एक ब्राह्मण मास्तर होते, कृष्णाजी केशव आंबेडकर. भाकरीसाठी मुलाने दूरवर घरी जाऊन परत यायचे, ही पायपीट त्यांना बघवत नसे. बाबासाहेबांनी पुढे अनेकदा या मास्तरांची आठवण काढली. त्या आठवणीत मास्तर शिकवतात कसे हे फारसे येत नाही, भाकरी येते. गोणपाटाचा आणि नळाचा नियम मास्तरांनी मोडला नाही. त्यांच्या हातात मधल्या सुट्टीची वेळ होती, तेवढी त्यांनी वापरली.

सातारा आणि सांगली या भागात शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर तासांच्या वेळापत्रकावर भागत नाही. वर्गात जे शिकवले गेले ते मुंबई इलाख्यातल्या इतर कुठल्याही शाळेसारखेच होते. इथे वेगळे घडले ते घंटा झाल्यावर, आणि एकेका मास्तराचा हा चांगुलपणा पुढे इथे रीत झाला, रीतीची संस्था झाली.

अर्थात घंटेनंतर मास्तरांनी मुलांना शिकवायचे, यात नवे काही नव्हते. पैसे घेऊन शिकवणी करणारे मास्तर गावोगाव होते. साताऱ्यात १९०९ च्या सुमारास अशीच शिकवणी करणारा एक तरुण होता, लोक त्याला ‘पाटील मास्तर’ म्हणत. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आजोळी कुंभोजला. स्वतः पाटील मास्तर मॅट्रिक नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात गणिताने त्यांना अडवले होते. शाहू महाराजांनी या पोराला पास करा म्हणून शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी, तो बसतो त्या बाकाला वर ढकलता येईल पण त्याला नाही, असे उत्तर दिल्याची गोष्ट त्यांनी पुढे काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत अजून हसत सांगितली जाते. अशा मुलाने साताऱ्यात इतरांच्या मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवून पोट भरावे, हा त्या गोष्टीचा पुढचा भाग.

शिकवणी त्यालाच मिळते ज्याच्या घरी फी आहे. हे कळायला या पाटील मास्तरांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, फार वेळ लागला नाही. १९१० मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मिरजेजवळच्या दूधगावात विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. मग काही वर्षे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते खेडोपाडी फिरले. नांगर विकायचा तर कुणब्याच्या ओसरीवर बसावे लागते. त्या ओसऱ्यांवर त्यांना दिसले की गावात चौथीपर्यंतची शाळा असली तरी त्यापुढचे शिक्षण तालुक्याच्या गावी आहे, आणि तालुक्याच्या गावी पोराला ठेवायला खोली नाही, जेवायला ताट नाही. मास्तर आणि पुस्तके याच्या नंतर येतात. त्याच काळात एका गावच्या शाळेत वर्गाबाहेर बसून ऐकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, असे सांगतात. ज्ञानदेव घोलप नावाचा हा मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलात जाऊन बसला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे पहिले काम शाळा काढण्याचे नव्हते, वसतिगृह काढण्याचे होते. हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुले सरकारी किंवा दुसऱ्या कुणाच्या शाळेत शिकणार. सकाळ, संध्याकाळ आणि रात्र मात्र संस्थेची. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली राहू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. साबरमतीत आपल्याला जमले नाही ते इथे झाले, अशा अर्थाची दाद त्यांनी दिल्याचे भाऊरावांची चरित्रे नोंदवतात.

बोर्डिंगमधला दिवस शाळेच्या दिवसाहून बराच लांब होता. पहाटे उठायचे, झाडलोट करायची, पाणी भरायचे. स्वयंपाकाची पाळी ठरलेली. ज्याची पाळी असेल तो महार, मराठा, जैन की मुसलमान हे न पाहता त्याने थापलेली भाकरी सगळ्यांनी खायची. पंक्तीत कुणी वेगळा बसायचा नाही. मग शाळा. शाळा सुटल्यावर शेतात किंवा बागेत काम, संध्याकाळी प्रार्थना, नंतर कंदिलाभोवती अभ्यास, आणि त्या अभ्यासात वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना सांगायचे. धान्य गावोगावच्या घरांतून यायचे. दळायला बसताना बायका एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकत, ते मडके महिन्याकाठी बोर्डिंगला रिकामे होई. मुष्टिफंड हे त्याचे नाव. तरीही एखाद्या दिवशी कोठी रिकामी पडायचीच. अशाच एका प्रसंगी भाऊराव बाहेरगावी असताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडून मुलांचे जेवण केले. बाकीचे दागिने त्याआधीच गेले होते. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. रयतच्या कुठल्याही शाळेत भाऊरावांच्या तसबिरीशेजारी त्यांची तसबीर असते ती या हिशेबाने.

याच्या बऱ्याच आधीपासून, साताऱ्यापासून पुष्कळ दक्षिणेला, मिरजेत एक मास्तर शाळा सुटल्यावर निराळ्याच कामाला बसत असत. वासुदेव वामन खरे, म्हणजे वासुदेवशास्त्री. जन्म १८५८, गुहागरचा. संस्कृतचे अध्ययन साताऱ्यात झाले, काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिकवले आणि मग मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून जवळजवळ तीस वर्षे काढली. त्यांच्या नोकरीत इतिहास नव्हता. मॅट्रिकला इतिहास असे तो इंग्लंडचा आणि इंग्रजांनी लिहिलेला हिंदुस्थानचा. पटवर्धनांच्या मिरजेत राहणाऱ्या मुलाला ट्यूडर राजांची वंशावळ तोंडपाठ. किल्ल्यातल्या वाड्यात कुणाची पत्रे पडून आहेत याचा पत्ता नाही.

ती पत्रे खऱ्यांनी उघडली. पटवर्धन हे पेशवाईतले मोठे सरदार घराणे. मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी, कुरुंदवाड अशा त्यांच्या शाखा. हैदर आणि टिपूवरच्या मोहिमांत, खर्ड्याच्या लढाईत, पुण्याच्या दरबारात त्यांची माणसे होती, आणि ती माणसे घरी सतत लिहीत होती: छावणीत धान्याचा भाव काय, कोणाचा तळ कुठे पडला, नाना फडणीस आज काय बोलले. मोडीतले हे कागद रुमालांत बांधून दप्तरखान्यात पडले होते. एक रुमाल सोडायचा, धूळ झटकायची, घडी सांभाळून उलगडायची, मोडी लावायची. पत्रावर तिथी आणि महिना असे, साल बहुधा नसे. मग मजकुरातल्या एखाद्या लढाईवरून किंवा लग्नावरून साल ठरवायचे आणि बालबोधीत नक्कल उतरवायची. दिवसभर मुलांकडून रूपे घोकून घेतलेल्या माणसाचे हे संध्याकाळचे काम. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ते छापून येऊ लागले आणि १९२४ मध्ये खरे वारले तोवर चालूच होते. पुढचे भाग त्यांच्या चिरंजिवांनी काढले. पानिपतानंतरच्या चार दशकांचा मराठ्यांचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांना आजही या संग्रहावाचून पुढे जाता येत नाही.

त्या पिढीत हा एकटा माणूस नव्हता. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांना इतिहासाच्या साधनांचा पहिला मोठा साठा सातारा जिल्ह्यातच, वाईला मिळाला आणि त्यावरचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. तेही काही काळ पुण्याच्या शाळेत मास्तर होते. सातारकर दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जमवलेल्या कागदांचे आणि चित्रांचे साताऱ्यात संग्रहालय झाले. बडोद्याला राजपुत्रांना शिकवता शिकवता गोविंद सखाराम सरदेसायांनी टिपणे काढली, त्यांतून ‘रियासती’ उभ्या राहिल्या. मराठ्यांचा इतिहास आधी विद्यापीठात लिहिला गेला आणि मग शाळेत आला, असे इथे घडलेले नाही. शाळेतल्या आणि शिकवणीतल्या मास्तरांनी तो फावल्या वेळात जमवला, विद्यापीठे त्याकडे नंतर वळली.

खऱ्यांच्या या कामाचा मिरजेतल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत एका गुणाचाही उपयोग नव्हता. भाऊरावांच्या बोर्डिंगातल्या पोराला मात्र घंटेनंतरच्या वेळेवरच परीक्षा काढायची होती. पुढच्या काळात हायस्कूलच्या इतिहास शिक्षकाकडून गावाने या दोन्ही गोष्टी मागितल्या. पोरगे पास झाले पाहिजे, आणि सर किल्लाही दाखवणार.

त्यासाठी आधी हायस्कुले व्हावी लागली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी नाही, राहणे तिथेच, आणि खर्चाची भरपाई अंगमेहनतीने. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुले सकाळी शेतात राबून दुपारी तासाला बसू लागली. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील १९५४ पासून काही वर्षे याच कॉलेजात प्राध्यापक होते आणि या योजनेचे रेक्टरही. दिवसा अर्थशास्त्र, आधी आणि नंतर मुलांबरोबर कुदळ. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. ९ मे १९५९ रोजी ते गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळांनी शंभरी ओलांडलेली होती. बापूजी साळुंखे हे मूळचे पाटण तालुक्यातले. त्यांनी १९५४ मध्ये कोल्हापुरात स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली आणि तिच्याही शाळा सातारा-सांगलीच्या खेड्यांत पोचल्या.

शाळा गावात आली, त्यामुळे पोराला राहायला जागा शोधण्याचा प्रश्न सुटला. घरचा सुटला नाही. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेतले. जतकडची माणसे हंगामात ऊसतोडीला जायची. खानापूर-आटपाडीकडच्या घरांतले पुरुष सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पार पंजाब, बंगाल, तमिळनाडूपर्यंत पसरलेले. पाटण-जावळीचे बाप मुंबईत माथाडी किंवा गिरणीत. मनीऑर्डर यायची, बाप दिवाळीला आणि जत्रेला यायचा. घरी आई, आजी, गुरे आणि एक दिवा. दहावीच्या पोराचा अभ्यास कोणी घ्यायचा, या प्रश्नाला गावात एकच उत्तर होते. सर.

त्यातून निघाली रात्र अभ्यासिका. १९४९ पासून एस. एस. सी. बोर्डाची परीक्षा आली आणि पुढे १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी बसली. शाळेचे नाव बोर्डाच्या निकालावर ठरू लागले. जानेवारी उजाडला की दहावीची पोरे रात्री जेवून, काखेत वळकटी मारून शाळेत येत. वर्गातले बाक भिंतीला सरकवलेले, खाली सतरंजी. आधी कंदील, मग गॅसबत्ती, मग ट्यूब. आणि भारनियमनाच्या वर्षांत पुन्हा कंदील. दहा-साडेदहापर्यंत वाचन, मग तिथेच आडवे व्हायचे. पाळीवर असलेले सर शेजारच्या वर्गात किंवा ऑफिसात झोपलेले. पहाटे साडेचारला घंटेचा टोला. थंडीत हौदावर तोंड धुऊन पुन्हा पुस्तक. उजाडल्यावर पोरे घरी जात, म्हशीचे शेण काढत, आंघोळ करत आणि अकराला त्याच वर्गात परत येत. यासाठी सरांना वेगळा पगार नव्हता, पोरांना फी नव्हती.

गणिताचे आणि इंग्रजीचे जादा तास सगळीकडेच होत. रात्र अभ्यासिकेत इतिहासाच्या सरांचा भाव वधारे तो वेगळ्या कारणाने. पाठ करायचा विषय पहाटेचा, हा गावचा ठाम समज. फळ्याच्या वरच्या पट्टीवर सनावळी लिहिलेली आणि परीक्षा होईपर्यंत तिला डस्टर लावायचे नाही. १८५७, १८८५, १९०५, १९१९, १९४२. ‘कारणे लिहा’ला चार मुद्दे, ‘टिपा लिहा’ला पाच, मुद्द्याखाली रेघ. ज्याला लिहिता येत नाही त्याला उभा करून गोष्ट सांगायला लावायची, आणि त्याने सांगितलेली गोष्ट शेजारच्याने मुद्द्यांत उतरवायची. गुण काढायचे तंत्र म्हणून हे सुरू झाले. पण सनावळीतला १९४२ आला की सरांना तंत्रावर थांबणे जड जायचे.

कारण १९४२ इथे पुस्तकाबाहेर होता. सप्टेंबरच्या ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ तारखेला वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. मग नाना पाटलांचे प्रतिसरकार, कुंडलची तुफान सेना, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे. १९६०-७० च्या दशकांत वर्गात बसलेल्या पोराचा चुलता, आजा, शेजारचा म्हातारा यांतला कोणी तरी तुफान सेनेत असे किंवा भूमिगतांना भाकरी पोचवणारा तरी असे. पाठ्यपुस्तकात त्याला एक परिच्छेद. म्हणून सर पोरांना सांगत, घरी जा आणि विचारून या. सकाळी पोरे वहीत उत्तरे आणत, त्यातली निम्मी तिखटमीठ लावलेली. मग वर्गात वाद व्हायचा, खरे कुणाचे. साधनांची पारख म्हणजे काय, हे खऱ्यांनी मोडीच्या कागदांवर केले होते तेच इथे माणसांच्या आठवणींवर चालले होते.

सहल हा याच कामाचा दुसरा भाग. डिसेंबर-जानेवारीत लाल एसटी ठरवायची, शाळेच्या सहलीला महामंडळाची निम्म्या भाड्याची सवलत. अजिंक्यतारा, सज्जनगड, वाई, प्रतापगड हा ठरलेला रस्ता. प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंनी ३० नोव्हेंबर १९५७ रोजी केले आणि तेव्हापासून त्या पुतळ्याखाली शाळेचा ग्रुप फोटो काढणे हा नेमच झाला. चांगले सर फोटोवर थांबत नसत. अफजलखान कोणत्या वाटेने आला असेल, जावळीचे रान तेव्हा किती दाट असेल, वर पाणी कुठून येई, हे पोरांना बुरुजावर उभे करून विचारत. पुढे सरकारने गावोगाव हुतात्मा स्मारके बांधली, तेव्हा वडूज-तासगावकडच्या शाळांना ९ ऑगस्टला जायला एक जागा मिळाली.

या साऱ्यात मुली कुठे होत्या, हे विचारले पाहिजे. रात्र अभ्यासिका पोरांची. मुलींना दिवेलागणीपर्यंत थांबवता येई, मग वर्गातल्या एका पोराने किंवा शिपायाने त्यांना वस्तीपर्यंत सोडायचे. पहिल्या भारतीय शिक्षिका सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या; तरी त्यांच्या जिल्ह्यात मुलीची दहावी पुष्कळ काळ संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर अवलंबून होती. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला, त्याने हे चित्र जेवढे बदलले तेवढे कुठल्याही जादा तासाने बदलले नाही. काही शाळांत शिक्षिका आल्या आणि मुलींची अभ्यासिका गावातल्या एखाद्या शिक्षिकेच्या किंवा सरपंचाच्या घरी भरू लागली.

इकडे १९८०-९० पासून सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड या शहरांत खासगी क्लासच्या पाट्या लागल्या. इतिहासाला क्लास कोणी लावत नाही, त्यामुळे इतिहासाच्या सरांचे ते नुकसान झाले नाही. त्यांचा वेळ दुसरीकडे गेला. मतदारयाद्या, जनगणना, निवडणूक या कामांना माणूस हवा की तालुक्याहून यादी शाळेत येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे द्यायला बंदी केली, मात्र नेमकी जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक त्यातून वगळली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली, तेव्हा कितीतरी शाळांची निवारा केंद्रे झाली.

त्याच कायद्याचे २८वे कलम शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई करते. म्हणजे आज साताऱ्यात कुठल्या शाळेत नोकरीला असलेल्या पाटील मास्तरांना संध्याकाळची शिकवणी करता येणार नाही. कलमाचा रोख फी घेऊन आपल्याच विद्यार्थ्यांना क्लासला बोलावणाऱ्यांवर आहे. सतरंजीवरची फुकट अभ्यासिका त्यात येत नाही, पण तिला सरकारी वेळापत्रकातही जागा नाही. माण, खटाव, जतकडच्या शाळांत ती अजून भरते ती मुख्याध्यापकाच्या आणि गावाच्या मर्जीवर. कोणी ट्यूब देतो, कोणी पहाटेच्या चहाचे दूध. पालक पाळीने सोबतीला झोपतात. सनावळी आता फळ्याबरोबर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली जाते, आणि ज्या पोराच्या घरी फोन बापाच्याच खिशात, म्हणजे मुंबईला किंवा उसाच्या फडात असतो, त्याला ती फळ्यावरूनच उतरवून घ्यावी लागते.